घरात शिरणाऱ्यांची वाट कशी अडवावी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत उंदीर, साप, उधई (वाळवी) आणि धान्यातील किडी यांचे प्रश्न वाढू लागतात, आणि वेचणीचा कापूस घरात आला की त्यांत आणखी भर पडते. या वेळी यवतमाळ, वर्धा, अमरावती आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील गावांतून आलेली काही पत्रे उत्तरासाठी घेतली आहेत. बहुतेक पत्रांचा शेवट "कोणते औषध टाकावे?" या प्रश्नाने झाला आहे. आधी वाट बंद करा आणि औषधाचा विचार त्यानंतर करा, असे माझे उत्तर आहे. शेतात फवारायच्या औषधाला तर घरात मुळीच जागा नाही. 2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उघड्या शिवारात जे औषध धडधाकट माणसाला झेपले नाही, ते दोन खोल्यांच्या घरात लेकराबाळांच्या अंथरुणाशेजारी शिंपडण्याचे धाडस कोणीही करू नये.

प्रश्न : आमचे घर मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंचे (कौलांचे) आहे. उंदरांनी धान्याचे कट्टे, कपडे आणि विजेच्या तारासुद्धा कुरतडल्या आहेत. दर वर्षी औषध ठेवतो, काही उंदीर मरतात आणि महिन्याभरात पुन्हा तितकेच होतात. कवेलूंच्या घरात उंदरांचा कायमचा बंदोबस्त होऊ शकतो का? (वाचक, राळेगाव तालुका)

होऊ शकतो, मात्र त्यासाठी आधी घराची तपासणी करावी लागेल. भर दुपारी दारे-खिडक्या लावून घ्या, आतील दिवे बंद करा आणि डोळे अंधाराला सरावल्यावर भिंतीचा माथा, दाराचा खालचा भाग आणि न्हाणीचा कोपरा निरखून पाहा. जिथून उन्हाची तिरीप आत येते, तिथून उंदीरही आत येऊ शकतो. घरातील लहान उंदराला सुमारे 6 मिलिमीटरची, म्हणजे शिसपेन्सिल जाईल एवढी फट पुरते. मोठ्या उंदराला सुमारे 12 मिलिमीटरची लागते. डोके गेले की बाकीचे अंग तो आवळून घेतो. पुढे आड्याकडे जाणारे वासे बॅटरीच्या उजेडात पाहा. उंदरांच्या रोजच्या वाटेवर त्यांच्या अंगाचा मेणचट काळा डाग उमटलेला असतो आणि त्याखाली लेंड्या पडलेल्या असतात. लेंड्या ओलसर व काळ्या असतील तर वाट चालू आहे. सुकून राखाडी झालेल्या लेंड्या जुन्या असतात.

कवेलूंच्या घरात सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामधील पोकळी. वाशांच्या मध्ये राहिलेली ही पोकळी विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंटच्या गाऱ्याने भरून घ्यावी, आणि जिथे हवा खेळती राहायला हवी तिथे 6 मिलिमीटरहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी ठोकावी. वळचणीच्या ओळीतील कवेलूंची उघडी तोंडेही गाऱ्याने बंद करावीत. दाराच्या खालच्या कडेला बाहेरच्या बाजूने पत्र्याची पट्टी मारावी आणि ती उंबरठ्याला जवळजवळ टेकेल अशी बसवावी. न्हाणीच्या पाण्याच्या नळीच्या तोंडावर जाळी हवी. फटींत चिंध्या, कागद, थर्माकोल किंवा फोम कोंबून काम भागत नाही. उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे त्यांना कुरतडत राहावेच लागते, त्यामुळे मऊ वस्तूचा टिकाव एका रात्रीपुरताही लागत नाही. उन्हाळ्यात कूलर ज्या खिडकीत बसवता, तिच्याभोवतीची फट पुठ्ठ्याने झाकण्याची पद्धत सर्वत्र दिसते; तिथेही पत्रा किंवा फळीच लावावी.

घुशीचे प्रकरण वेगळे आहे. ती चढण्यापेक्षा खोदण्यात तरबेज असते आणि मातीच्या भिंतीचा पाया पोखरून फरशीखाली पोकळी करते. तिच्या बिळात दगड आणि फुटक्या काचा दडपून वर काँक्रीट ओतावे. भिंतीला लागून रचलेल्या विटा, लाकडे आणि पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळल्या झाडांचे) ढीग काढून जमीन मोकळी ठेवली, तर नवे बीळ लगेच नजरेस पडते. छपरावर झुकलेल्या झाडाच्या फांद्या छपरापासून निदान मीटरभर मागे तोडाव्यात.

या कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. आतले उंदीर सापळ्यात पकडण्याआधी सगळ्या वाटा बुजवल्या, तर ते आतच अडकून भिंती पोखरतात. सापळे खोलीच्या मधोमध ठेवू नयेत, कारण उंदीर भिंतीच्या कडेकडेने चालतो. सापळ्याचे आमिषाचे टोक भिंतीकडे करावे. शेंगदाणे किंवा तेलात भिजवलेल्या पोळीचा तुकडा चांगला चालतो. पहिले दोन-तीन दिवस सापळा न लावता नुसते आमिष ठेवले, तर उंदरांची भीड मोडते.

आपण दर वर्षी औषध ठेवता म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो. झिंक फॉस्फाइडची काळी पूड खाऊन एखादा उंदीर आजारी पडला आणि वाचला, तर तो त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचा परिणाम काही दिवसांनी दिसत असल्यामुळे उंदरांना त्यांचा संशय येत नाही, पण मेलेला उंदीर कवेलूंखाली कुजतो आणि तो खाणाऱ्या घुबडाच्या, मांजराच्या पोटातही ते विष जाते. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट मात्र घरात आणूच नका. मुलांना ती खाण्याची वस्तू वाटते. पोटात गेल्यावर सुरुवातीचा त्रास ओसरून एक-दोन दिवस माणूस बरा झाल्यासारखा दिसतो, आणि मग यकृत निकामी होऊ लागते. या विषावर उतारा नाही. ती पेस्ट घरात असेल तर कपाटात उंच ठेवून निर्धास्त राहू नका. ती घरातून बाहेर काढा आणि विहीर, नाला किंवा उकिरडा यांत टाकू नका. कोणाच्या पोटात गेल्याचा संशय जरी आला, तरी त्रास होण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : आमच्याकडे सगळे जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या घरात रात्री दांडेकार निघाला. तेव्हापासून सासूबाई घराभोवती फिनाइल टाकतात, कोणी कार्बोलिक ॲसिड टाकायला सांगतात. याने साप येत नाही, हे खरे आहे का? (वाचक भगिनी, समुद्रपूर तालुका)

ताई, यावर विसंबून राहू नका. फिनाइल, डांबरगोळ्या, लसूण किंवा कार्बोलिक ॲसिड टाकल्याने साप घरात येण्याचे थांबत नाही. कार्बोलिक ॲसिडने तर मुलांची कातडी भाजू शकते. सासूबाईंची काळजी अगदी योग्य आहे, फक्त तेच कष्ट दुसरीकडे लावले पाहिजेत.

दांडेकार, म्हणजेच मण्यार, रात्री फिरणारा साप आहे. पाली, उंदीर आणि इतर लहान साप हे त्याचे भक्ष्य, आणि त्यांच्या मागावर तो घरात शिरतो. त्यामुळे वरच्या उत्तरात उंदरांसाठी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी सापांसाठीही लागू आहेत. दाराखालची पत्र्याची पट्टी आणि न्हाणीच्या नळीवरची जाळी ही दोन कामे याच आठवड्यात करून घ्यावीत. जळतन, गोवऱ्या, कुटाराचा (भुशाचा) ढीग आणि कोंबड्यांचे खुराडे झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला लागून असेल तर ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला न्यावे. जळतन जमिनीवर न रचता दगडांवर फळ्या टाकून वीतभर उंच रचले, तर त्याखालून झाडता येते आणि विंचवालाही आसरा मिळत नाही. सकाळी चुलीसाठी काड्या काढताना हात घालण्याआधी काठीने ढीग हलवावा.

सर्वांत मोठा फरक झोपण्याच्या पद्धतीने पडतो. मण्यार अंथरुणात शिरून झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सुजत नाही, दातांच्या खुणाही कधी कधी दिसत नाहीत. खाटेवर झोपावे, खाट भिंतीपासून थोडी दूर ठेवावी आणि चादरी जमिनीला लोंबू देऊ नयेत. सगळ्यांना खाटा पुरत नसतील तर मच्छरदाणी लावून तिच्या चारही कडा गादीखाली घट्ट खोचाव्यात. ती डासांइतकीच सापालाही अडवते. रात्री उठताना आधी बॅटरी लावावी, मग पाय खाली टेकवावा.

पहाटे कोणी पोटदुखी, उलटी, जड झालेल्या पापण्या, गिळायला त्रास किंवा अडखळणारे बोलणे यांपैकी काही सांगू लागले, तर साप दिसला नसला तरी मण्यारीच्या दंशाचा विचार करून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने घट्ट आवळू नये. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि माणसाला चालवू नये. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, आणि मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. घरात साप दिसला तर लहान मुलांना बाहेर काढून दुरून लक्ष ठेवावे आणि वनविभागाला किंवा परिसरातील जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार सापांना संरक्षण आहे. शिवाय धामणीसारखा बिनविषारी साप उंदरांचा फडशा पाडतो, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

अंगणातील गवताचा आणखी एक धोका आहे. 2018 साली पावसाळ्याच्या अखेरीस नागपुरात आणि विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले आणि काही जण दगावले. गवतात आणि उंदरांच्या अंगावर वाढणाऱ्या अतिसूक्ष्म कोळी-किड्याच्या चाव्याने हा ताप येतो. म्हणून घराभोवतीचा दोन-तीन हातांचा पट्टा पावसाळाभर कापून स्वच्छ ठेवा; त्या पट्ट्यावर सापही लगेच दिसतो.

प्रश्न : पावसाच्या झडीत न्हाणीत आणि ओसरीत काळ्या-तांबड्या वाणी (असंख्य पायांचे लांबट किडे) शेकड्यांनी चढतात. त्या चावतात का? त्यांवर काय फवारावे? (वाचक, मोर्शी तालुका)

वाणी चावत नाही. दाबली गेली तर अंगातून एक द्रव सोडते. तो डोळ्यात गेल्यास आग होते, म्हणून मुलांना हाताळू देऊ नये. कुजलेला पालापाचोळा हे तिचे खाणे आहे आणि जमीन पाण्याने भरली की ती कोरड्या भिंतीकडे चढते. फवारणीची गरज नाही. भिंतीलगतचा पालापाचोळा आणि ओले कुटार हटवा, पागोळ्यांचे पाणी भिंतीपाशी मुरणार नाही असा उतार द्या आणि आत आलेल्या वाणी झाडून लांब टाका. कोरड्या घरात ती फार काळ जगत नाही.

प्रश्न : भाव वाढेल या आशेने आम्ही कापूस घरातच ठेवला आहे. आता घरातील सर्वांच्या अंगाला खाज सुटते, बारीक पुरळ उठते आणि भिंतींवर करडे किडे फिरतात. दवाखान्याच्या मलमाने तात्पुरते बरे वाटते. कापूस तर इतक्यात विकायचा नाही. काय करावे? (वाचक, वणी तालुका)

हा प्रश्न एकट्या आपला नाही. भाव पडलेले असताना कापूस विकायचा नाही आणि ठेवायला वेगळी जागा नाही, या अडचणीत कितीतरी कुटुंबे छतापर्यंत रचलेल्या कापसाच्या शेजारी झोपतात. ज्या पिकावर घर चालते त्यानेच घरातील माणसांची झोप उडावी, ही गोष्ट मला फार लागते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

भिंतीवर दिसणारे करडे किडे हे कपाशीवरील करडे ढेकूण असावेत. उमललेल्या बोंडातील सरकीचा रस शोषणारा हा किडा वेचणीच्या कापसाबरोबर घरात येतो. तो खाटेतल्या ढेकणासारखा रक्तावर जगत नाही, चिरडला की घाण वास येतो आणि डाग पडतो, एवढाच त्याचा उपद्रव. खाजेचे कारण बहुधा दुसरेच, आणि डोळ्यांना न दिसणारे असते. गुलाबी बोंडअळी लागलेल्या कापसात सरकीतील अळ्यांवर जगणारे अतिसूक्ष्म कोळी-किडे वाढतात, आणि कापसाजवळ बसणाऱ्या-झोपणाऱ्या माणसाला ते चावतात. माणसाच्या अंगावर त्यांची वाढ होत नाही. म्हणूनच मलमाने बरे वाटते, आणि पुन्हा कापसाजवळ झोपले की पुरळ उठते.

पहिली गोष्ट म्हणजे झोपण्याची खोली आणि कापूस वेगळे करा. एक खोली कापसाला देऊन सगळ्यांनी दुसऱ्या खोलीत दाटीवाटीने झोपावे लागले तरी चालेल. तेही शक्य नसेल तर छतापासून जमिनीपर्यंत जाड ताडपत्रीचा पडदा लावून तिच्या कडा भिंतीला पट्टीने ठोका आणि खालची कड विटांनी दाबा. मुलांना कापसाच्या ढिगावर खेळू देऊ नका. खाजेशिवाय गुदमरण्याचाही धोका असतो. कापूस भरताना-काढताना अंगभर कपडे घालावेत, नाका-तोंडावर दुपट्टा बांधावा, नंतर अंघोळ करावी आणि ते कपडे व चादरी कढत पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवाव्यात. पुरळात पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवताना घरात कापूस आहे हे आवर्जून सांगावे, नाहीतर खरजेचा उपचार होत राहतो.

दुसरी गोष्ट पुढच्या वेचणीपासून करता येईल. वेचलेला कापूस ओलसर असताना घरात भरू नये. अंगणात ताडपत्रीवर पातळ पसरून ऊन दाखवले की करडे ढेकूण मोठ्या प्रमाणात निघून जातात. खरेदी केंद्रावरही ओलावा 8 टक्क्यांहून जास्त भरला की भावात कपात होते आणि 12 टक्क्यांच्या वर कापूस नाकारला जातो, त्यामुळे वाळवण्याचे कष्ट वाया जात नाहीत. शेवटच्या वेचण्यांचा आणि फरदडीचा (हंगामानंतरही उभ्या ठेवलेल्या कपाशीचा) कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस चांगल्या कापसात मिसळू नये आणि घरातही ठेवू नये, कारण अळीचे सर्वाधिक प्रमाण त्यातच असते. त्या कापसातून निघालेल्या अळ्या भिंतींच्या भेगांत आणि छपरात कोष करून बसतात आणि त्यांचे पतंग पुढच्या हंगामात शिवारातील कपाशीवर पोहोचतात. घरातील कापसावर कीटकनाशक मात्र चुकूनही मारू नका, कारण त्याच हवेत तुम्हाला रात्रभर श्वास घ्यायचा आहे.

प्रश्न : सागवानी चौकटीला उधई लागली आहे. दर महिन्याला मातीच्या नळ्या खरवडून रॉकेल लावतो, तरी ती पुन्हा येते. (वाचक, मूल तालुका)

उधईचे घर चौकटीत नसून जमिनीत असते. ओलाव्यावाचून ती जगत नाही, म्हणून जमिनीपासून लाकडापर्यंत ती मातीची झाकलेली नळी बांधते. नळी खरवडली की ती दुसरी बांधते, आणि रॉकेल ज्या किड्यांना लागते तेवढेच मरतात. नळी खालून कुठून निघते तो सांधा शोधा. बहुधा तिथे न्हाणीचे पाणी झिरपत असते, किंवा पावसाचे पाणी भिंतीत चढत असते. ओल थांबवणे हा निम्मा उपाय आहे. चौकटीचा पाय मातीत गाडलेला असेल तर कुजलेला भाग कापून त्याखाली दगड किंवा काँक्रीट द्यावे.

त्यानंतरही उधई चालू राहिली तर फरशी आणि भिंत यांच्या सांध्यात सुमारे फूटभर अंतरावर छिद्रे पाडून त्यांत औषध भरण्याची पद्धत आहे. भारतीय मानक आयएस 6313 मध्ये बांधून झालेल्या घरांसाठीची ही पद्धत दिलेली आहे. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर घराला लागून असेल तर त्याला ते आधी सांगावे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणाऱ्या पंखांच्या उधईने घाबरून जाऊ नये. दिवे मालवले की ती जाते. मात्र दिवा नसलेल्या कोपऱ्यात, चौकटीपाशी गळलेल्या पंखांचा खच दिसला तर घरातच वारूळ असल्याची शक्यता धरावी.

प्रश्न : तूर आणि हरभऱ्याला दर वर्षी भुंगे लागतात. दुकानदाराने कट्ट्यात ठेवायला गोळ्या दिल्या आहेत. धान्य आम्ही झोपतो त्याच खोलीत आहे. गोळ्या किती ठेवाव्यात? (वाचक भगिनी, दर्यापूर तालुका)

ताई, एकही ठेवू नका. या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असण्याची दाट शक्यता आहे. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो, आणि तो कट्ट्यात कोंडून राहत नाही. विणीतून बाहेर येऊन खोलीभर पसरतो. तो श्वासावाटे गेला तर झोपेतच माणसे दगावू शकतात, आणि या विषावर उतारा नाही. हे औषध प्रशिक्षित माणसांनी, माणसांची वस्ती नसलेल्या बंदिस्त गोदामात वापरायचे आहे. ते सुटे विकणे बेकायदेशीर आहे, आणि बायाबापड्यांच्या हाती अशी पुडी देणाऱ्या दुकानदाराला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. पुडी उघडू नका, ओली होऊ देऊ नका, घराबाहेर कोरड्या आणि कुलूपबंद जागी ठेवा, आणि कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याला सांगून तिची विल्हेवाट लावा. कट्ट्यात आधीच टाकल्या असतील तर आजपासून त्या खोलीत कोणीही झोपू नये, आणि गोळ्या काढायला स्वतः कट्ट्यात हात घालू नये; त्यासाठीही त्याच कर्मचाऱ्याची मदत घ्यावी.

भुंग्याची सुरुवात बहुतेक वेळा शेतातच होते. तुरीच्या वाळत्या शेंगांवर मादी अंडी घालते, अळी दाण्यात शिरते, आणि दोन महिन्यांनी कट्टा उघडला की दाण्यांवर गोल भोके दिसतात. साठवताना दाण्यांवर पांढरे टिपके दिसले तर ती अंडी समजावीत. यावर विदर्भातील उन्हासारखा उपाय नाही. एप्रिल-मे महिन्यांत काळ्या प्लॅस्टिकवर तूर किंवा हरभरा दोन बोटे जाडीचा पसरावा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक झाकावे, चारही कडा मातीने किंवा विटांनी दाबाव्यात आणि दुपारचे चार-पाच तास तसेच राहू द्यावे. आतील उष्णता इतकी वाढते की दाण्यातील अळ्या आणि अंडीही मरतात. धान्य थंड होऊ द्यावे आणि त्यानंतरच भरावे, कारण गरम धान्य भरले की कोठीत घाम सुटतो. दाताखाली दाणा कटकन फुटला तर तो पुरेसा वाळला आहे असे समजावे.

भरण्यासाठी घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी किंवा हवाबंद पिशवी वापरावी. पिशवीतील प्राणवायू संपला की उरलेले किडेही मरतात. मात्र ती वारंवार उघडू नये, म्हणून रोजच्या वापराचे धान्य वेगळ्या डब्यात काढून ठेवावे. कट्टेच वापरायचे असतील तर जुने कट्टे उलटे करून उन्हात टाकावेत आणि लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावेत. घरच्या डाळीला खाद्यतेलाचा हात फिरवण्याची आपल्या आजीच्या काळची पद्धतही चांगली आहे, कारण तेलाच्या थरामुळे भुंग्याची अंडी टिकत नाहीत. पुढच्या हंगामाचे बियाणे मात्र प्लॅस्टिकखाली फार वेळ तापवू नये. त्याला साधे ऊन द्यावे, वेगळे भरावे आणि पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासून घ्यावी.